आरमध्ये अट लावली की ओळी चुकतात: तपासणी कुठून सुरू करायची

तुम्ही आर (R) या आकडेवारीच्या संगणकभाषेत काम करताय आणि खालच्यापैकी एखादं तरी लक्षण तुमच्याकडे दिसतंय, असं धरून चालतो.

- अट लावून ओळी निवडल्या, तर मूळ फाइलीत नसलेल्याच ओळी आल्या. प्रत्येक खान्यात एनए (किंमत माहीत नाही, अशी आरची खूण), आणि डावीकडे ओळीच्या क्रमांकाच्या जागी एनए, एनए.१, एनए.२.
- ‘१२ पेक्षा जास्त’ आणि ‘१२ किंवा कमी’ असे दोन गट केले. दोघांची बेरीज एकूण ओळींएवढी होत नाही.
- ‘बऱ्हाणपूर’ लिहिलेल्या ओळी डोळ्यांना दिसतायत, पण निवडीत अर्ध्याच येतात. किंवा एकही नाही.
- ९.८ हा आकडा १२ पेक्षा मोठा ठरतोय.
- ‘या ओळी वगळ’ म्हटलं आणि अख्खा टेबल रिकामा झाला.
- इफएल्समध्ये (अट बघून किंमत भरणारं फंक्शन) तारीख घातली, बाहेर १९६७५ असला काहीतरी आकडा पडला.
- एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त उत्तर चुकीचं. हे सगळ्यांत वाईट.

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. पोटापाण्यासाठी छोट्या कारखान्यांचे आकडे बघतो, आणि रविवारी सकाळी पोहे-जिलेबी उरकली की ओळखीतली पोरं लॅपटॉप घेऊन येतात. प्रबंध वेगळे, विषय वेगळे, दुखणं मात्र नव्वद टक्के वेळा हेच. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या काकूंची मुलगी आली होती. आसपासच्या मंड्यांमधून गोळा केलेले सोयाबीनचे २४० नमुने, प्रत्येकाचा ओलावा, गाव आणि तारीख. सरकारी खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के, म्हणून तिला त्याच्या वरचे नमुने वेगळे काढायचे होते. म्हणाली, “काका, एरर एकही येत नाहीये. म्हणजे बरोबरच असेल ना?” तिच्या त्या एका फाइलीत वरची पाच लक्षणं एकत्र नांदत होती, म्हणून पुढे उदाहरणं तिचीच देतो.

एक सूचना. इथे मी सगळं देवनागरीत लिहितोय, फंक्शनांची नावंही आणि आकडेही. आरमध्ये टाइप करताना नावांची मूळ इंग्रजी स्पेलिंग आणि इंग्रजी आकडेच लागतील. आकड्यांबद्दल मुद्दाम का सांगतोय ते तिसऱ्या तपासणीत कळेल.

पहिली तपासणी: तीन आकडे मोजा

खर्च शून्य, वेळ दहा सेकंद. ओळी निवडण्याआधी नुसती अटच मोजून बघा (‘माल’ हे तिच्या टेबलाचं नाव, $ नंतर येतो तो कॉलम):

टेबल(माल$ओलावा > १२, यूजएनए = "ऑलवेज")

तिच्या फाइलीत उत्तर आलं: फॉल्स १३१, ट्रू ८६, एनए २३. तिघांची बेरीज २४०. म्हणजे ओळ हरवलेली नाही, पण २३ नमुने असे आहेत की ज्यांच्याबद्दल आर ‘हो’ही म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही.

सगळा घोळ इथे आहे. आपल्याला वाटतं अटीची उत्तरं दोन. आरमध्ये ती तीन असतात: हो, नाही, माहीत नाही. ज्या पोत्याचा ओलावा मोजलाच नाही ते १२ च्या वर आहे का, असं मंडीतल्या तोलाऱ्याला विचारलंत तर तोही म्हणेल, “मला काय ठाऊक?” आर तेच म्हणतं. हा त्याचा प्रामाणिकपणा आहे. मात्र ते ‘माहीत नाही’ पुढे कसं वागतं हे तुम्ही कोणतं हत्यार उचललं त्यावर ठरतं, आणि ते कुणी शिकवत नाही.

चौकोनी कंस वापरलात, म्हणजे माल[माल$ओलावा > १२, ] असं लिहिलंत, तर ‘माहीत नाही’च्या प्रत्येक जागी एक अख्खी रिकामी ओळ मिळते. ८६ च्या ऐवजी १०९ ओळी, त्यातल्या २३ भुताच्या. पहिलं लक्षण हेच.

सबसेट किंवा डीप्लायर या जोड-पॅकेजचं फिल्टर वापरलंत तर त्या २३ ओळी गुपचूप गळतात. ८६ येतात आणि बरोबर वाटतात. उलट अट लावली तर १३१ येतात, त्याही बरोबर वाटतात. मधले २३ कुठे गेले हे दोन्ही वेळा कुणी विचारत नाही. दुसरं लक्षण हे.

विच वापरलंत तरी एनए गळतात, कारण ते फक्त ‘हो’ असलेल्या जागांचे क्रमांक देतं. चौकोनी कंसातच राहायचं असेल तर माल[विच(माल$ओलावा > १२), ] हा सोपा उपाय. मी स्वतः मात्र दोन अटी उघडपणे लिहितो: !इज.एनए(माल$ओलावा) & माल$ओलावा > १२. चार अक्षरं जास्त पडतात, पण सहा महिन्यांनी फाइल उघडली की रिकामे नमुने मीच जाणूनबुजून वगळले होते हे समोर दिसतं.

याच कुटुंबातले दोन उपद्रव आहेत. माल$ओलावा == एनए असं लिहून रिकाम्या ओळी शोधू नका. ‘माहीत नाही’ची ‘माहीत नाही’शी तुलना केली तर उत्तर पुन्हा ‘माहीत नाही’च, त्यासाठी इज.एनए आहे. दुसरा उपद्रव फार फसवा. ‘इंदूर सोडून बाकीचे’ म्हणून फिल्टर(माल, गाव != "इंदूर") लिहिलं, की ज्यांचं गावच भरलेलं नाही त्या ओळीही उडतात. तुम्ही काढायला सांगितलं इंदूरला, गेले बेनाव लोकही. हवे असतील तर जोडीला | इज.एनए(गाव) लावा.

आणि रिकामा खाना म्हणजे एनएच असं नाही. रीड.सीएसव्ही आकड्यांच्या कॉलममधला रिकामा खाना एनए करतं, पण अक्षरांच्या कॉलममधला रिकामा खाना रिकामी अक्षरमाळ म्हणून ठेवतं, आणि ती इज.एनएला सापडत नाही. वाचतानाच एनए.स्ट्रिंग्ज = सी("", "एनए", "-") असं सांगून टाका. कुणी ‘मोजलं नाही’साठी ९९९ लिहायची पद्धत ठेवली असेल तर तेही यादीत घाला, नाहीतर तुमचं सगळ्यांत ओलं सोयाबीन ९९९ टक्क्यांचं निघेल. हसू नका, मी हे छापील अहवालात पाहिलंय.

दुसरी तपासणी: चिन्हं

इथेही खर्च नाही, फक्त अटीची ओळ हळू वाचायची. मी ती मोठ्याने वाचायला लावतो.

एक बरोबर आणि दोन बरोबर हा फरक सगळ्यांना माहीत असतो आणि सगळेच चुकतात. फिल्टरमध्ये एकच टाकलं तर डीप्लायर निदान ओरडतं. सबसेट ओरडत नाही. एकाच बरोबर-चिन्हामुळे त्याला अट दिसतच नाही आणि सगळ्या ओळी परत येतात.

उणे आकड्यांशी तुलना करताना चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस द्या. क्ष<-५ असं चिकटवून लिहिलं तर आर त्याला ‘क्ष हा उणे ५ पेक्षा लहान’ असं वाचत नाही, ‘क्षमध्ये ५ भर’ असं वाचतं. तापमानाच्या डेटात हे एकदा झालं की अर्धा दिवस गेला.

डेटाफ्रेमच्या (आरमधल्या टेबलाच्या) चौकोनी कंसातला स्वल्पविराम विसरलात तर आर ओळींऐवजी कॉलम निवडायला जातं आणि ‘अनडिफाइन्ड कॉलम्स सिलेक्टेड’ म्हणतं. ही चांगली चूक, कारण ती बोलते.

गाव == "इंदूर" | "देवास" हेही चालत नाही, इथेही एरर येते. मग पोरं हुशारी करतात आणि गाव == सी("इंदूर", "देवास") लिहितात. आता एरर येत नाही. आणि इथेच थांबून नीट बघायला हवं.

समजा सहा ओळींत गावं अशी आहेत: इंदूर, इंदूर, देवास, देवास, इंदूर, देवास. सहाच्या सहा निवडल्या जायला हव्यात. पण दोन बरोबर म्हणजे ‘यादीत आहे का’ असा प्रश्न नव्हे. आर तुमची दोन नावांची यादी ओढून लांब करतं: इंदूर, देवास, इंदूर, देवास, इंदूर, देवास. मग पहिल्याला पहिल्याशी, दुसऱ्याला दुसऱ्याशी लावून बघतं. पहिली ओळ जुळली. दुसरीत इंदूरसमोर देवास आलं, गेली. तिसरीत देवाससमोर इंदूर, गेली. चौथी, पाचवी, सहावी जुळल्या. सहातल्या चार. या चारही खऱ्याच असल्यामुळे निकालावर नजर टाकून शंका येत नाही.

ओळींची संख्या विषम असती तर आरने निदान वॉर्निंग दिली असती की लांब यादीला लहान यादीने भाग जात नाही. तिचे नमुने २४०, दोनाने भाग जातो, म्हणून आर गप्प. उपाय एकच, गाव %इन% सी("इंदूर", "देवास"). आणखी एक फायदा: %इन% कधीच ‘माहीत नाही’ म्हणत नाही, एनएला सरळ ‘नाही’ म्हणतं. कधी हे सोयीचं असतं, कधी नाही. माहीत असलं म्हणजे झालं.

एकेरी & आणि दुहेरी && यांचं थोडक्यात. कॉलमवर अट लावायची तर एकेरी. दुहेरी चिन्ह आणि साधं इफ एकाच उत्तरासाठी असतात. जुन्या आरमध्ये इफला अख्खा कॉलम दिला तर ते फक्त पहिली किंमत बघून पुढे जायचं. २०२२ च्या ४.२.० आवृत्तीपासून तिथे सरळ एरर येते, आणि २०२३ च्या ४.३.० पासून दुहेरी चिन्हांनाही. म्हणून ‘सरांच्या लॅपटॉपवर चालतं, माझ्यावर नाही’ अशी तक्रार आली की मी आधी आवृत्ती विचारतो. बहुतेक वेळा सरांच्या लॅपटॉपवरही ते चुकीचंच चालत असतं.

अजून एक, जाता जाता. फिल्टर लिहिलं आणि ‘ऑब्जेक्ट नॉट फाउंड’ आलं तर डीप्लायर लोड केलेलं नाही. आरचं स्वतःचं एक फिल्टर आहे, ते काळमालिकांसाठी असतं, त्याला तुमचं गावबिव कळत नाही.

तिसरी तपासणी: कॉलम खरंच आकड्यांचा आहे का

एसटीआर(माल) चालवा आणि प्रत्येक कॉलमसमोर काय लिहिलंय ते वाचा. ओलाव्यासमोर ‘न्यूम’ (आकडे) हवं. ‘सीएचआर’ (अक्षरं) दिसलं तर ९.८ आणि १२ चं कोडं तिथेच सुटलं. अक्षरं म्हणून तुलना करताना आर डावीकडून एकेक चिन्ह बघतं. ९ हा १ च्या पुढे, संपलं. एका बाजूला अक्षरं आणि दुसऱ्या बाजूला आकडा असला तरी आर तक्रार न करता आकड्यालाच अक्षर बनवतं.

अख्खा कॉलम अक्षरांचा व्हायला एक खाना पुरतो. कुणीतरी ‘१२.४%’ लिहिलं, कुणी ‘ओला आहे’ लिहिलं, कुणी नुसती आडवी रेघ ओढली. गुन्हेगार शोधायची माझी पद्धत अशी:

नवा <- ॲज.न्यूमरिक(माल$ओलावा)
माल$ओलावा[इज.एनए(नवा) & !इज.एनए(माल$ओलावा)]

आधी काहीतरी भरलेलं होतं पण आकडा होऊ शकलं नाही, असे खाने फक्त दिसतात. पहिल्या ओळीला वॉर्निंग येईल. ती दाबून टाकू नका, तिच्यासाठीच तर हे चाललंय.

तिच्या फाइलीत या यादीत नऊ खाने आले. त्यातले सात दिसायला अगदी स्वच्छ होते: १३.२, ११.७, १४.०. टक्क्याचं चिन्ह नाही, स्पेस नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, “हे कुणी भरलं?” तर एका गावातल्या काकांनी फोनवर मराठी कीबोर्ड ठेवूनच फॉर्म भरला होता. आकडे देवनागरीत होते. आपल्या डोळ्यांना १३.२ म्हणजे १३.२, कुठल्याही लिपीत; आरला देवनागरी आकडे ही नुसती अक्षरं वाटतात आणि ॲज.न्यूमरिक त्यांचा एनए करतं. उपाय सोपा आहे. चारटीआर फंक्शनला पहिल्या अवतरणात दहा देवनागरी आकडे, दुसऱ्यात त्याच क्रमाने दहा इंग्रजी आकडे, तिसऱ्या जागी कॉलम. एका ओळीत सगळे बदलतात. मग ॲज.न्यूमरिक.

म्हणजे तिच्या २३ ‘माहीत नाही’पैकी सात नमुने मोजलेले होते! तिने घाईत सगळा कॉलम ॲज.न्यूमरिकमधून आधीच काढला होता, वॉर्निंगकडे दुर्लक्ष केलं होतं, आणि मूळ फाइल पुन्हा वाचेपर्यंत हे कळलं नव्हतं. उरलेल्या दोघांत एक आडवी रेघ होती आणि एक ‘मशीन बंद’. ते खरोखर रिकामे.

कॉलमसमोर ‘फॅक्टर’ (ठरावीक गटांचा कॉलम, ज्यात आर प्रत्येक गटाला आतून क्रमांक देतं) दिसला तर वेगळी सावधगिरी. फॅक्टर थेट आकड्यात बदलला तर किमती मिळत नाहीत, आतले क्रमांक मिळतात: १, २, ३. आधी ॲज.कॅरेक्टर, मग ॲज.न्यूमरिक. २०२० मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीआधी आर फाइल वाचताना अक्षरांचे कॉलम आपोआप फॅक्टर करायचं, म्हणून त्या काळचा कोड उचलला असेल तर हे भूत तिथेच बसलेलं असतं.

तारखांचंही तेच. ‘०९/०१/२०२४’ आणि ‘०५/११/२०२३’ अक्षरं म्हणून ताडल्या तर निकाल दिवसाच्या आकड्यावर लागतो, वर्षाकडे कुणी बघतच नाही. ॲज.डेटला दिवस-महिना-वर्ष हा क्रम स्पष्ट सांगा.

चौथी तपासणी: डोळ्यांना न दिसणारी अक्षरं

इथपासून थोडा वेळ लागतो, म्हणून ही चौथी. अक्षरांची तुलना जुळत नाही आणि चिन्हं बरोबर आहेत, तर युनिक(माल$गाव) चालवा. ‘देवास’ दोनदा दिसलं तर दोघांत फरक आहे, तुम्हाला दिसो वा न दिसो.

बहुतेक वेळा शेवटी एक स्पेस असते. ट्रिमडब्ल्यूएस लावा, काम झालं. झालं नाही तर ती साधी स्पेस नसून वेबपेजवरून किंवा वर्डमधून आलेली, न तुटणारी स्पेस असते. तिचा क्रमांक १६०. ट्रिमडब्ल्यूएस नेहमीच्या वापरात तिला हात लावत नाही. जीसब वापरून इंटटूयूटीएफ८(१६०) च्या जागी साधी स्पेस घाला, मग ट्रिम करा.

आता बऱ्हाणपूर. मराठी डेटावाल्यांनी हे एकदा तरी स्वतः करून बघावं, कारण इंग्रजीतल्या मदतीच्या पानांवर हे सापडायचं नाही. तिच्या फाइलीत बऱ्हाणपूरचे १८ नमुने होते. %इन% लावल्यावर ११ आले. युनिकमध्ये बऱ्हाणपूर दोनदा, दोन्ही अगदी सारखे. स्पेस नाही. मी एनचार लावलं. एकाची लांबी ९, दुसऱ्याची १०.

मग यूटीएफ८टूइंट लावून आतले क्रमांक काढले. पहिल्यात ब नंतर २३५३, २३८१ आणि मग ह. दुसऱ्यात ब नंतर २३५२, २३८१, ८२०५ आणि मग ह. २३५३ म्हणजे आपला मराठीचा खास ऱ, एकच अक्षर. २३५२ म्हणजे साधा र. २३८१ हलन्त. आणि ८२०५ म्हणजे शून्य रुंदीचा जोडक, जो पडद्यावर दिसतच नाही, फक्त र ला रफार होऊ न देता तो अर्धा, वाकडा र उमटवतो. दोन्ही मार्गांनी पडद्यावर चित्र एकच. एका कीबोर्डवर असं टाइप होतं, दुसऱ्यावर तसं. ‘कोऱ्हाळे’, ‘गोऱ्हे’, ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांचा’, जिथे जिथे हा र येतो तिथे हीच गंमत. तिच्या दुसऱ्या कॉलममध्ये ‘विक्रेता: शेतकऱ्यांचा गट’ असा प्रकार होता, तोही फुटलेला निघाला.

सगळं एका रूपात आणायचं तर जीसब: जुन्याच्या जागी इंटटूयूटीएफ८(सी(२३५२, २३८१, ८२०५)), नव्याच्या जागी इंटटूयूटीएफ८(सी(२३५३, २३८१)). तिसरंही एक रूप सापडतं, साधा र आणि खाली नुक्ता (२३६४). ते स्ट्रिंगी पॅकेजच्या एनएफसी रूपांतराने (युनिकोडच्या एका प्रमाण रूपात आणणं) ऱ होतं. जोडकवालं रूप मात्र एनएफसीने बदलत नाही, त्याला जीसबच. शक्य असेल तर मी गावांची नावं टाइप करूच देत नाही, फॉर्ममध्ये यादी ठेवतो. पण फाइल हातात येते तेव्हा वेळ गेलेली असते.

पाचवी तपासणी: निवडीऐवजी नवी किंमत भरताना

ओळी बरोबर निवडल्या जातायत, पण इफएल्स किंवा केस_व्हेनमधून (डीप्लायरचं, अनेक अटी घेणारं फंक्शन) भरलेली किंमत चुकतेय, तर इथे बघा.

केस_व्हेन वरून खाली वाचतं आणि पहिली जुळलेली अट धरतं. म्हणून कडक अट वर, सैल अट खाली. आणि ‘माहीत नाही’ला ते ‘जुळलं नाही’ समजतं. तिने लिहिलं होतं: ओलावा <= १२ असेल तर "कोरडं", ट्रू असेल तर "ओलं". परिणाम असा की न मोजलेले सगळे नमुने ओले ठरले. इज.एनएची ओळ सगळ्यांत वर टाका. इफएल्स या बाबतीत जास्त सरळ आहे, ते एनएचा एनएच ठेवतं.

पण इफएल्स तारखेचा अंगरखा काढून घेतं. आरच्या पोटात तारीख म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे दिवस. १९६७५ म्हणजे १४ नोव्हेंबर २०२३. आकडा चुकीचा नाही, कपडे उतरलेत. डीप्लायरचं इफ_एल्स (मधे अधोरेखा असलेलं) तारीख तारीखच ठेवते. फॅक्टरचंही इफएल्स असंच क्रमांकात रूपांतर करतं.

गट पाडायला कट वापरत असाल तर कडेचा आकडा कुठे जातो ते बघा. न सांगता ते उजवी कड आत धरतं. ओलाव्याला हे चाललं, १२ खालच्या गटात गेला. पण गुणांना ०, ३३, १०० अशा कडा दिल्यात तर ३३ वाला पोरगा नापास गटात आणि शून्यवाला कुठेच नाही, एनए. राइट = फॉल्स केलंत तर ३३ सुटला, आता १०० वाला एनए. जोडीला इन्क्लूड.लोएस्ट = ट्रू द्या, म्हणजे तोही आत येतो. नाव ‘लोएस्ट’ असलं तरी या वेळी ते वरच्या टोकाला लागू होतं. नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं, भिया!

वगळताना टेबल रिकामा होणं हे उणे विचचं काम. माल[-विच(माल$ओलावा > ५०), ] मध्ये ५० च्या वरचं एकही नसेल तर विच रिकामं उत्तर देतं. रिकाम्याला उणे लावलं तरी रिकामंच, आणि रिकाम्या यादीने निवडलं तर काहीच निवडलं जात नाही. जेव्हा वगळण्यासारखं काही नसतं नेमकं तेव्हाच सगळं जातं. आजचा डेटा घाण असेल तर कोड चालतो, उद्या स्वच्छ आला की मोडतो. उणे विच लिहूच नका. माल[!((माल$ओलावा > ५०) %इन% ट्रू), ] लिहा, एनएही जागेवर राहतात.

दशांशाची बरोबरी सगळ्यांत शेवटी, कारण ती क्वचित आडवी येते. ०.१ + ०.२ == ०.३ ला आर ‘नाही’ म्हणतं, कारण संगणक हे आकडे द्विमानात साठवतो आणि शेपटीला कण उरतो. फाइलीतून वाचलेला १२.३ आणि तुम्ही टाइप केलेला १२.३ जुळतात. हिशेबातून निघालेला जुळेलच असं नाही. तिथे दोघांतला फरक ०.०००१ पेक्षा कमी आहे का ते विचारा.

कुठे थांबायचं

गावाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसत असेल, आणि फाइल देणारा म्हणत असेल ‘माझ्याकडे तर नीट दिसतं’, तर डेटा बहुधा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये भरलाय. मध्य प्रदेशातल्या कार्यालयांत तो अजून चालतो. हे आरमध्ये दुरुस्त करायला बसू नका. युनिकोडमध्ये रूपांतर करून देणारा टायपिस्ट शोधा, आणि रूपांतरानंतर पन्नासेक ओळी मूळ कागदाशी ताडून घ्या.

एनए मोठ्या प्रमाणात असतील, किंवा ठरावीक गावातच, ठरावीक आठवड्यातच असतील, तर तो कोडचा प्रश्न राहिला नाही. तिच्या फाइलीत सात नमुने परत मिळाल्यावर १६ उरले, आणि त्यातले बरेचसे पावसाच्या दिवसांतले होते. म्हणजे ज्या दिवशी सोयाबीन सगळ्यांत ओलं असणार त्याच दिवशी मोजलं गेलं नव्हतं. असे नमुने वगळले की सरासरी आपोआप कोरडी होते. मी तिथेच लॅपटॉप मिटवला आणि तिला विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्या बाईंकडे पाठवलं. रिकाम्या जागी काय भरायचं, भरायचं का नाही, हे ठरवणं माझ्यासारख्याचं काम नाही.

रुग्णांचा डेटा असेल, किंवा तुमच्या निवडीवरून कुणाचे पैसे, प्रवेश किंवा नोकरी ठरणार असेल, तर पाचही तपासण्या पार पडल्या तरी दुसऱ्या जाणकाराकडून कोड स्वतंत्रपणे तपासून घ्या.

आणि यातलं काहीच लागू पडलं नाही, दोन तास गेले, तर विचारा. विचारताना डीपुट(हेड(माल, २०)) चा मजकूर, तुमची अटीची ओळ आणि सेशनइन्फो तिन्ही चिकटवा. लोकांची नावं आणि फोन नंबर त्याआधी काढून टाका. पडद्याचा मोबाईलवर काढलेला फोटो मात्र पाठवू नका. त्यात ८२०५ दिसत नाही.